अर्ध्या अर्ध्या मिनिटाचा सिनेमा

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही काम सरळ केलं नाही, आणि जी जी कामं वाकडी केली त्यांतल्या एकाही कामातून मला सूट दिली नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. 'होता' असं म्हणायचं एवढंच. गिऱ्हाइकाला तिथे फोटो मिळेलच अशी खात्री नसे. पासपोर्टच्या फोटोसाठी माणूस केस चापून, कॉलरचं बटण लावून स्टुलावर बसला की मामा काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणत, "असो नको. घरात कोण नसताना कसे बसतास, तसे बसा." माणूस बिचारा तसा बसे. एकदा दुबईला निघालेल्या एका तरुणाचा फोटो त्यांनी असा काढला, की मुंबईच्या एजंटाने उलटटपाली विचारलं, हा मुलगा स्वतःच्या खुशीने जातो आहे ना? मुलाने तो फोटो मामांपुढे आपटला. मामा तो हातात धरून म्हणाले, "खुशयेन खंय जातंस तू? ह्यो फोटो खोटो नाय, तू खोटो बोलतंस." मुलगा शेजारच्या स्टुडिओत गेला. पण हाही फोटो खिशात घालून गेला, हे मामांनी मला चार वेळा सांगितलं.

लग्नाचे फोटो काढायला तर त्यांना फक्त नातेवाईकच बोलावत, तेही नाइलाजाने. माझं लग्न त्यांनीच टिपलं. छत्तीस फोटोंपैकी अकरा आचाऱ्याचे, सहा भांडी घासणाऱ्या बायकांचे, एक मांडवाखाली झोपलेल्या कुत्र्याचा, आणि मी चार फोटोंत. त्या चारांतल्या दोन फोटोंत माझा फक्त खांदा आहे. मी नवा जावई, थोडा रुसलो. मामा शांतपणे म्हणाले, "जावयबापू, तुमचो खांदो बरो आसा. तोंडाचा माका अजून काय समाजला नाय." पुढे वीस वर्षांत त्यांनी या मतात बदल केल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

मी तेव्हा वेंगुर्ल्यापासून चार-पाच मैलांवरच्या एका खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेत आम्ही दोनच शिक्षक, आणि त्यांतला मी वयाने मोठा, एवढ्या पात्रतेवर मिळालेलं ते पद. पण मी स्वतःला शिक्षक मानत नसे. मी साहित्यिक होतो. तालुक्याच्या एका पाक्षिकात माझ्या दोन कविता आल्या होत्या आणि तिसरी 'जागेअभावी' परत आली होती. हे 'जागेअभावी' मला विशेष भूषणावह वाटे. घरातही मी पुस्तकी बोलत असे. बायको माझं बोलणं ऐकून 'हूं' म्हणे आणि मासळी आणायला जाई.

अशा वेळी मामांनी सिनेमा काढायचं ठरवलं. आपला जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या, काहींच्या घरी टीव्ही आले होते. त्या सगळ्या उत्साहात मामांनी आपली मोटारसायकल देऊन बोटीवरून निवृत्त झालेल्या एका गोवेकराकडून सोळा एम्.एम्.चा कॅमेरा घेतला. त्याला विजेची गरज नव्हती. घड्याळासारखी किल्ली दिली की तो अर्धं मिनिट चाले आणि थांबे. फिल्मचे उरलेसुरले तुकडे मुंबईच्या एका लॅबमध्ये नोकरीला असलेला मामींचा भाचा बिस्किटांच्या डब्यातून एस.टी.ने पाठवी. मामांनी मला बोलावून घेतलं. "तुमी लिवतास मा? लिवा."

"विषय काय?"

"आवस. पोराक वाडवूक घर सोडून परक्या मुलखात जाता. थंय कोण तिचा नाय, भाषा नाय. पण पोराक वाडयता. बस."

कोकणातली विधवा मुंबईला जाते, असं आधी ठरलं होतं. पण मुंबईत जाऊन शूटिंग करणं परवडणारं नव्हतं. मामांनी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. "मुंबय हंय हाडूक जमाची नाय. मगे त्या बाईकच भायरसून हंय हाडूया." म्हणजे परकी बाई कुठून तरी आमच्याकडे येणार. मला ते पटलं. मी चौदा दिवस बसून संवाद लिहिले. आईचं पहिलंच भाषण समुद्राला उद्देशून दीड पान होतं. त्यात नियती, क्षितिज आणि 'हे अथांगा' हे संबोधन तीनदा होतं. मामांनी ते वाचलं, कॅमेऱ्याची किल्ली दिली, कॅमेरा कानाशी धरला, तो थांबेपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "एवढ्यात म्हणान होता काय तिचा?" मी म्हटलं, काटछाट करता येणार नाही. आशय जाईल.

आईच्या कामासाठी हौशी नाटकांत नाव असलेल्या एक बाई मिळाल्या. शूटिंग आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर, जांभ्या दगडाच्या खाणीवर होतं. तिथे पुरुष चिरे कापत आणि बायका ते डोक्यावरून ट्रककडे वाहत. आमच्या बाई चेहऱ्याला पावडर लावून आणि कानांत मोत्यांच्या कुड्या घालून आल्या. चिरा उचलायचा, चार पावलं चालायचं आणि माझं भाषण म्हणायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. चिरा उचलायला त्यांनी साफ नकार दिला. "मला पाठीचा त्रास आहे," म्हणाल्या. मग चिरा बाजूला ठेवून नुसतं भाषण सुरू झालं. कॅमेरा पहिल्या 'हे अथांगा'लाच थांबला. बाई थांबल्या नाहीत. मी चादर धरून उभा होतो, तोंडावर उजेड पाडायला, आणि माझे शब्द मलाच इतके भावले होते की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात कोणीतरी हसलं. खाणीच्या कडेला तीन-चार बायका पाणी पीत बसल्या होत्या. त्यांतली एक तोंडाला पदर लावून हसत होती. मी रागाने पाहिलं. मामा मात्र कॅमेरा तसाच ठेवून तिच्याकडे गेले. "गो बाय, हसलंस कित्याक?"

ती उठून उभी राहिली. सावळी, काटक, कपाळावर गोंदलेलं. बोलली ते कानडी हेल काढून, घाटावरच्या मराठीत. "दगूड उचलताना कोन भाषान करतंय व्हय, मामा? दम लागतुय की. उचलायचा आन् गप चालायचं."

मामांनी मागे वळून आमच्या बाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तिथेच आमच्या बाईंचं काम संपलं. बाई गेल्या त्या पाठीचा त्रास, माझे संवाद आणि मामांच्या सात पिढ्या यांविषयी बोलत गेल्या. त्यांचा आवाज बराच लांबून ऐकू येत होता. नाटकात असल्याचा तो एक फायदा.

तिचं नाव यल्लवा. दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमधून विजापूरकडून आलेली. नवरा आदल्या वर्षी दुसऱ्या खाणीवर जातो म्हणून गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. बरोबर सात वर्षांची मुलगी, रेणुका. ती दिवसभर चिऱ्यांच्या ढिगावर बसून असे आणि आईच्या खेपा मोजे. पुढचे काही आठवडे सुट्टीच्या दिवशी आम्ही खाणीवर जाऊ लागलो. मामा यल्लवाला काही सांगत नसत, विचारत असत. "सकाळी उठल्यार पयला काय करतंस?" ती सांगे, आणि मामा तेवढं टिपत. अर्धं मिनिट चूल. अर्धं मिनिट चिरा. अर्धं मिनिट मुलीची वेणी. मी अधूनमधून आठवण करून देई, की आई कुठेच रडत नाही आणि हे वास्तवाला सोडून आहे. मामांनी एकदा तिला माझ्या समाधानासाठी विचारलं. ती म्हणाली, "रडायला बसलं की खेप जातीया." मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं आणि कंसात लिहिलं, 'भाषा सुधारणे.'

एका रविवारी मामांनी तिला विचारलं, "हंय इल्यार सगळ्यात जड काय गेला तुका? चिरो?"

"चिरा न्हाई," ती म्हणाली. "पोरीला शाळंत घालाया गेल्ते. एक खाडा करून. लुगडं धुवून नेसले हुते. मास्तर म्हनले, जल्माचा दाखला आन. माज्याकडं कुठला दाखला? परत आले. पोरगी वाटंनं बोलली न्हाई माज्यासंगं."

मी चादर धरून उभाच होतो. माझं मन भरून आलं. मी मोठ्याने म्हणालो, "काय हा निर्दयपणा! मामा, अशा शिक्षकांमुळेच आमचा पेशा बदनाम होतो." यल्लवाने माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर नीट केला आणि चिरा उचलायला गेली. मला वाटलं, माझ्या सहानुभूतीने ती संकोचली.

हा प्रसंग सिनेमात हवाच, असं मामांनी ठरवलं. जागा म्हणून माझीच शाळा, माझंच टेबल, आणि मास्तर म्हणून मी. माझ्याकडे कोट होता आणि चष्मा होता. मी आदल्या दिवशी आरशापुढे तालीम केली. माझा मास्तर खलनायक नव्हता. तो नियमांनी जखडलेला, आतून तुटलेला सज्जन होता. पुढच्या रविवारी यल्लवा मुलीचा हात धरून टेबलापुढे उभी राहिली. मामांनी किल्ली दिली. मी मान वर करून, डोळ्यांत करुणा आणून म्हणालो, "बाई, मी असहाय आहे."

"असं नव्हतं," यल्लवा म्हणाली.

कॅमेरा थांबला. मामांनी विचारलं, "मगे कसा?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती, टेबलाकडे पाहत होती. "मास्तरांनी वर बघितलंच न्हाई. लिवत हुते. लिवता लिवता म्हनले, दाखला आन. आन् मग पेन हालवलं, जा म्हनून."

रेणुका मात्र माझ्याकडेच पाहत होती, तिच्या वयाची मुलं पाहतात तशी, पापणी न हलवता. आणि मला आठवलं. शिक्षणाधिकारी शाळेला भेट देणार होते, आणि त्यांच्यासाठी मी स्वागतगीत लिहीत होतो. 'अतिथी'ला यमक सापडत नव्हतं. टेबलापुढे कोणीतरी उभं होतं. एक लुगड्याचा काठ दिसत होता आणि एक लहान पाय दुसऱ्या पायावर घासत होता. मी म्हणालो होतो, दाखला आण. दाखल्याशिवायही नाव घालता येतं, पालकाकडून लिहून घ्यायचं असतं, हे मला ठाऊक होतं. तीन कागद जास्त भरावे लागतात, एवढंच. आणि यमक सापडत नव्हतं.

"जावयबापू," मामा म्हणाले, "वर बघू नका. लिवत रवा."

मी कागद ओढला आणि लिहू लागलो. काय लिहिलं देव जाणे. म्हणालो, "दाखला आण." मग पेन हलवलं. कॅमेरा किरकिरत राहिला, आणि ते अर्धं मिनिट संपता संपेना. मी खाली घातलेली मान कॅमेरा थांबल्यावरही वर केली नाही. मामा म्हणाले, "पयल्यांदाच बरा काम केलास."

परत येताना मामा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. मग म्हणाले, "उद्या त्या चेडवाचा नाव शाळेत घाला."

"तुम्हाला कधी समजलं?"

"तिना पेनाचा सांगल्यान तेवा. आमच्याकडे चाय नको म्हणतास तेवा तुमी असोच पेन हालयतास. दुसरो कोण हालयना नाय." आणि मग माझी केविलवाणी अवस्था पाहून, बहुधा धीर द्यायला, म्हणाले, "सिनेमात बरा दिसतला."

दुसऱ्या दिवशी मी शाळा भरायच्या आधीच खाणीवर गेलो. 'मी क्षमा मागतो' या अर्थाचं एक वाक्य रात्रभर घडवलं होतं. त्यात 'अनवधान' हा शब्द होता. यल्लवा चिरा घेऊन चालली होती. मी तिच्या बाजूने चालू लागलो आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "चुकलं माझं. पोरीला घेऊन ये." तिने ट्रकपाशी चिरा उतरवला, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि विचारलं, "दाखला?"

"नको. मी लिहितो, तू अंगठा दे."

"आता जाऊ? का सांजच्याला?"

"आता," मी म्हणालो.

जन्मतारीख विचारली तर म्हणाली, जोंधळा हुरड्याला आला हुता. मी पौष धरून तारीख लिहिली. रजिस्टरमध्ये माझ्या हातून लिहिली गेलेली ती एकमेव ओळ असेल, जी लिहिताना माझं लक्ष यमकाकडे नव्हतं. रेणुका पहिलीत बसली. पहिल्या आठवड्यात तिने वर्गातल्या सगळ्यांच्या पाट्या मोजल्या, मग कौलं मोजली. वर्ष संपेपर्यंत तिने आमच्या दुसऱ्या मास्तरांची बेरजेतली चूक दोनदा दाखवली. माझी दाखवली नाही. मी तिच्यापुढे बेरीज करायचं टाळत असे.

मे महिन्यात खाण बंद झाली आणि मुकादम सगळ्यांना घेऊन गेला. शाळा सोडल्याचा दाखला मी स्वतः लिहून तिच्या हातात दिला. सिनेमा तयार व्हायला पुढची दिवाळी उलटली. एकूण लांबी बावीस मिनिटं. आवाज वेगळ्या टेपवर होता आणि तो चित्राच्या कधी पुढे, कधी मागे चाले. चूल पेटायच्या आधीच फुंकर ऐकू येई. मी 'मातृत्वाची महागाथा' हे नाव सुचवलं होतं. मामांनी नाव ठेवलं 'खेप'. माझ्या संवादांपैकी त्यात 'दाखला आण' एवढेच दोन शब्द उरले होते, आणि तेही मी लिहिलेले नव्हते. मामांनी सिनेमा कुठल्याशा महोत्सवाला पाठवला. तो सुबक कागदावरच्या पत्रासह परत आला. पत्र मामांनी वाचलं नाही, माझ्याकडे दिलं. 'जागेअभावी'सारखाच मजकूर होता. मी एकटाच त्याचा जाणकार.

यल्लवा त्या वर्षी कसालजवळच्या खाणीवर असल्याचं कळलं, तसे आम्ही निघालो. कुटुंबनियोजनाच्या फिल्मा दाखवणाऱ्या एका ऑपरेटरला मामींनी कुठल्या तरी नात्यात बसवलं होतं. तो सरकारी प्रोजेक्टर घेऊन आला. तिथल्या शाळेच्या एका वर्गात खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी खेळ झाला. खाणीवरची तीस-चाळीस माणसं जेवणाच्या सुट्टीत येऊन बसली. यल्लवा पुढे बसली, शेजारी रेणुका. ती आता कसालच्या शाळेत दुसरीत होती. पडद्यावर यल्लवा चिरा घेऊन चालू लागली तशी बायका ओरडल्या, हसल्या, एकमेकींना ढोसू लागल्या. मग हळूहळू गप्प झाल्या. माझा प्रसंग आला तेव्हा मागून एक म्हातारा कानडीत काहीतरी म्हणाला आणि सगळे पडद्यावरच्या माझ्याकडे रागाने पाहू लागले. मी दाराजवळ सरकलो. यल्लवाने मागे वळून त्या म्हाताऱ्याला दोन शब्द सुनावले. ते काय होते हे मी रेणुकाला नंतर विचारलं. ती म्हणाली, "आई म्हनली, तेच मास्तर दुसऱ्या दिवशी आले हुते, त्ये न्हाई ह्यात."

दिवे लागले. मामा पुढे आले. हा माणूस एरवी कोणाला 'कसं वाटलं' विचारणारा नव्हे. पण त्या दिवशी त्यांनी विचारलं. यल्लवा रिकाम्या पडद्याकडे पाहत होती. दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तशी म्हणाली, "आई म्हनून बरी हाय की ती बाई." आणि सुट्टी संपली म्हणून उठून गेली.

ऑपरेटर आवराआवर करू लागला. मामांनी त्याला थांबवलं आणि वेणी घालण्याचा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मला वाटलं, चित्र कुठे धूसर आहे ते बघत असतील. मामा पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. पडद्यावर यल्लवा रेणुकाची वेणी घालत होती. एक हात कपाळावर, डोकं मागे धरलेलं, तेलकट बोटं केसांतून फिरत होती. ते संपलं. "परत," मामा म्हणाले. असं तीनदा झालं.

एस.टी.ची वाट पाहताना ते आपणहून बोलले. त्यांच्या वडलांच्या मागे आई त्यांना काकांकडे ठेवून मुंबईला गेली होती, लोकांकडे स्वयंपाक करायला. वर्षातून एकदा गणपतीला येई. मामा अकरा वर्षांचे असताना ती तिकडेच वारली. पोस्टकार्ड आलं होतं. "फोटो नाय तिचो," मामा म्हणाले. "सगळ्या गावाचे फोटो काढलंय, आवशीचो एक नाय. तोंड पण आठवना नाय. कितीय डोळे मिटून बघितलंय." मला नेहमीप्रमाणे काहीतरी सुंदर बोलावंसं वाटलं. पण सुदैवाने गाडी आली.

त्यानंतर मामांनी दुसरा सिनेमा काढला नाही. मी दोन-तीन कथा लिहून तयार ठेवल्या होत्या. भाषणंही लहान केली होती, प्रत्येकी अर्ध्या पानाची. त्यांच्या अखेरच्या आजारपणात मी सहज म्हटलं, "मामा, बरे झालात की एक काढू या." ते पडवीत आरामखुर्चीत बसले होते, डोळे मिटून. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच हळूच म्हणाले, "माझी आवस तेल घालताना माझा डोक्या यल्लवासारखाच धरी काय, माका ठावक नाय. पण आता आठवता ती तशीच."